लॉकमधली चौदा मिनिटं

अकरा दिवस झाले, मशीन बोटभरही पुढे सरकलं नव्हतं.

दुमजली घराएवढं गोल तोंड असलेलं ते बोगदा खोदायचं मशीन जमिनीखाली तीस मीटरवर अडून बसलं होतं. सव्वा किलोमीटर मऊ मातीतून ते बिनबोभाट आलं. मग समोर अर्धी माती नि अर्धा कातळ लागला, आणि तोंडावरच्या कटरांनी, म्हणजे परातीएवढ्या पोलादी चकत्यांनी, एकामागून एक मान टाकली. बरोबर डोक्यावर जुन्या घरांची गल्ली होती. तिथल्या एका भिंतीला केसाएवढी चीर गेली आणि वरपासून खालपर्यंत सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कटर बदलायलाच हवे होते, आणि ते बदलायला मशीनच्या पुढे माणसंच जावी लागतात.

मशीनच्या पुढे म्हणजे उघड्या जमिनीसमोर. तिथली माती आणि पाणी आत कोसळू नये म्हणून त्या जागेत हवा कोंबून भरतात. त्या दिवशी दाब पावणेतीन बार होता, बाहेरच्या हवेच्या जवळपास चौपट. अशा दाबात आत जायचं आणि बाहेर यायचं ते लॉकमधून. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना जाड दारं असलेली पोलादी कोठी, आत दोन बाकं, एक छोटी गोल काच आणि बोलायला स्पीकर. आत जाताना दाब वाढवायला दहा मिनिटं पुरतात. बाहेर येताना मात्र तास-दीड तास टप्प्याटप्प्यानं उतरावं लागतं.

लॉकचे व्हॉल्व्ह ताईच्या हातात असत.

ताई चव्वेचाळीस वर्षांची होती. आधी बंदरावर, पाणबुड्यांच्या दाबकोठीवर तिनं पंधरा वर्षं काढली होती. नवीन माणूस आला की ती त्याच्यासमोर सोड्याची बाटली हलवून फटकन उघडायची. फेस त्याच्या बुटांवर सांडला की म्हणायची, "हे तुझं रक्त, दाबात हवा मुरलेलं. घाई केलीस तर असंच होणार. तेव्हा लॉकमध्ये बसलास की बायकोची आठवण काढ, पोरांची काढ, पण मला 'किती वेळ राहिला' विचारू नकोस." पूर्ण वेळ बसवल्याशिवाय तिनं आजवर कुणाला बाहेर काढलं नव्हतं. एकदा एका मोठ्या साहेबाला लघवीला लागली होती, तर त्याला तिनं आत बाटली पाठवली होती.

बोगद्यात सगळेच तिला ताई म्हणत. खरा भाऊ त्यात एकच, आणि तो मात्र कामावर तिला मुद्दाम 'मॅडम' म्हणायचा. बारक्या हे त्याचं घरातलंच नाव, ते इथेही चिकटलं. बत्तीस वर्षांचा, काटकुळा, पण खांद्यात भलतीच ताकद. कटरच्या खाचेत जिथे दुसऱ्याचं डोकं जात नाही तिथे हा कमरेपर्यंत घुसायचा. गॅरेजमधली नोकरी सुटल्यावर तो चार महिने घरी बसून होता. आई रोज फोनवर रडायची. शेवटी ताईनंच शब्द टाकून त्याला इथे लावला होता.

त्या सकाळी आठ वाजता तिनं तिघांना तपासलं. कान, नाक, रक्तदाब, रात्रीची झोप. फिटर पन्नाशीचा, शांत माणूस, या कामातला सगळ्यात जुना. वेल्डर सव्वीस वर्षांचा, आत जायची त्याची दुसरीच वेळ. आणि बारक्या, त्या आठवड्यात तिसऱ्यांदा.

"परवाच गेला होतास," ती म्हणाली.

"मग आज कुणाला पाठवतेस, मॅडम? तुझ्या डॉक्टरला?"

डॉक्टर म्हणजे साइटवरचे डॉक्टर, साठी ओलांडलेले. दिवसभर डोकेदुखीच्या गोळ्या वाटायचे नि शब्दकोडी सोडवायचे. गेले तीन दिवस त्यांना सर्दीनं बेजार केलं होतं. त्या विचारानं ताईलाही हसू आलं. बारक्याच्या कागदावर तिनं 'तंदुरुस्त' लिहिलं आणि सही केली.

आठ वाजून दहा मिनिटांनी तिघे आत गेले. स्पीकरवर त्यांचे आवाज यायला लागले. दाबात माणसाचा आवाज नाकातून, पत्र्यासारखा येतो. बारक्या शीळ घालायचा प्रयत्न करत होता. दाट हवेत शीळ वाजत नाही हे त्याला माहीत होतं, तरी दर वेळी करायचा.

नऊ वाजून पाच मिनिटांनी आधी एक घरंगळल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग वेल्डर ओरडला.

"काय झालं?" ताईनं माइक धरला. "फिटर, बोला. काय झालं?"

"समोरून धोंडा सुटला, ताई. बारक्याच्या पायावर आलाय. गुडघ्याखाली. पाय धोंडा आणि पात्यात अडकलाय."

"तो बोलतोय का?"

उत्तर बारक्यानंच दिलं. ती किंकाळी ऐकल्यावर ताईला दुसरं काही विचारायची गरज उरली नाही.

तिच्या मागे शिफ्टचे साहेब, तरुण इंजिनिअर, धावत आले. धोंडा सुटला त्या भगदाडातून हवा चालली होती. समोरच्या जागेतला दाब क्षणागणिक पडत होता. "त्यांना लॉकमध्ये घ्या," साहेब म्हणाले, "मला पुढची जागा चिखलानं भरायला लागेल. नाहीतर वरची गल्ली खाली येईल."

"माझा भाऊ अडकलाय तिथे."

"माहितीय मला!" साहेबांचा आवाज चिरकला. "किती वेळ लागेल?"

बारा मिनिटं लागली. दोघांनी जॅक लावला, जॅक घसरला, परत लावला. ताई स्पीकरला कान लावून उभी होती. फिटर वेल्डरला एकेक गोष्ट सांगत होता, लहान मुलाला सांगावी तशी: "इथे धर. आता दाब. दाब रे, बघू नकोस तिकडे, दाब." नऊ वाजून सतरा मिनिटांनी त्यांनी बारक्याला ओढत लॉकमध्ये आणलं आणि आतलं दार लावलं. साहेबांनी त्याच क्षणी पंप सुरू केले.

गोल काचेतून ताईला दिसलं ते एवढंच: भावाचा चेहरा राखेसारखा, आणि खालचं बाक लाल.

"पट्टा बांधा. मांडीला. जोरात. अजून जोरात," ती म्हणाली. "वेळ लिहून ठेवा. ऑक्सिजनचे मास्क लावा तिघेही."

एवढ्या दाबात आणि एवढ्या वेळासाठी तक्ता सांगत होता, एक तास वीस मिनिटं.

पहिल्या टप्प्यापर्यंत दाब लवकर उतरवता येतो. तो तिनं नियमाप्रमाणे उतरवला. एव्हाना डॉक्टर साइटच्या छोट्या गाडीनं बोगद्यातून आले होते. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात रुमाल. धापा टाकत त्यांनी काचेतून आत पाहिलं.

"हा पट्टा टिकायचा नाही," ते म्हणाले. "रक्त झिरपतंय. शीर बांधली पाहिजे. तास तर फार लांबची गोष्ट, अर्धा तासही काढणार नाही तो."

लॉकला बाहेरच्या बाजूनं आणखी एक लहान कोठी जोडलेली असते. त्यात माणूस बसवून दाब वाढवला की मधलं दार उघडून त्याला आत जाता येतं. डॉक्टरांनी त्या कोठीकडे पाहिलं. ताईनं डॉक्टरांच्या नाकाकडे पाहिलं.

"डॉक्टर, या सर्दीत तुमचे कान उघडणार नाहीत. पडदा फाटेल."

"किती पडदे असतात माणसाला?"

"दोन."

"मग एक गेला तर एक उरेल," असं म्हणून ते वाकून कोठीत शिरले.

तिनं हळू दाब वाढवायला घेतला. डॉक्टरांनी नाक दाबून फुंकलं, गिळलं, जबडा हलवला. पाव बारवरच त्यांनी कानावर हात दाबला. तिनं थांबवलं. ते स्पीकरवर ओरडले, "थांबवू नका! मी सांगतो का थांबवायला?" तिनं पुन्हा व्हॉल्व्ह फिरवला. मग ते एकदम दुमडले, त्यांच्या तोंडून बारीक, कुत्र्याच्या पिलासारखा आवाज निघाला, आणि कानातून रक्ताची रेघ कॉलरवर उतरली. पण व्हॉल्व्हवरचा तिचा हात थांबला नाही. मधलं दार उघडलं तेव्हा डॉक्टर रांगतच आत गेले.

त्यांनी शीर शोधली. त्याला सहा मिनिटं लागली. तेवढा वेळ बारक्या शुद्धीवर होता.

"ताई," तो म्हणाला. मॅडम नाही. "ताई, काढ ना मला."

"काढते. थोडं थांब."

"किती वेळ?"

तिनं तक्त्यावर बोट ठेवलं.

"ताई, किती वेळ राहिला? सांग ना. मी मरतोय गं इथे."

दुसऱ्या टप्प्यावर आले तेव्हा तासाभराचा हिशेब अजून बाकी होता. शीर बांधली होती, पण पाय गुडघ्याखाली चेंदामेंदा झाला होता. डॉक्टर स्पीकरशी येऊन एका कानानं ऐकायचा प्रयत्न करत होते. "नाडी पडतेय," ते म्हणाले. "याला टेबलावर घ्यायला हवं. रक्त द्यायला हवं. इथे मी काहीच करू शकत नाही." वेल्डरनं मास्क काढून फेकला आणि काचेवर मुठी आपटायला सुरुवात केली. "उघडा! मेला तो! उघडा की!"

फोन वाजला. वरून मोठे साहेब होते. "काही कमी करता येईल का वेळ?"

"नाही," ताई म्हणाली.

"बघा, तुमचाच भाऊ आहे. तुम्ही ठरवाल ते."

त्यांनी फोन ठेवला. 'तुम्ही ठरवाल ते.' शिफ्टचे साहेब पंपांकडे पाठमोरे होते. तिच्याकडे बघणारं कुणीच नव्हतं. आतून बारक्याचा आवाज येणं बंद झालं होतं, आणि ते सगळ्यात वाईट होतं. ओरडत होता तोवर तो होता.

त्या टप्प्यावर नऊ मिनिटं उरली होती. नऊच मिनिटं, तिला वाटलं. तक्त्यात थोडा वाव ठेवलेला असतोच. आतले दोघे धडधाकट आहेत, डॉक्टर तर नुकतेच आत गेलेत. पंधरा वर्षांत पाणबुडे आपणहून घाईनं वर आलेले तिनं पाहिले होते, त्यातले कितीतरी ठणठणीत होते.

तिनं व्हॉल्व्ह उघडला.

काटा भराभर उतरला. आतली हवा गार पडली आणि लॉकमध्ये पांढरं धुकं दाटलं. काचेतून काही दिसेना. वेल्डर ओरडायचा थांबला. धुक्यातून फक्त बारक्याचा हुंदका ऐकू आला. सुटकेचा हुंदका होता तो. आपली सुटका झाली असं त्याला वाटलं होतं.

मग फिटरचा आवाज आला. रागाचा नव्हता, तक्रारीचाही नव्हता. नळ गळतोय हे सांगावं तसा.

"ताई, माझा गुडघा धरलाय. आणि खांदा."

तिचा हात अजून व्हॉल्व्हवरच होता.

"बारक्यासाठी केलंत ते कळलं मला," फिटर म्हणाला. "माझीही पोरं आहेत, एवढंच."

सोड्याची बाटली दर नव्या माणसासमोर फोडणारी तीच होती. दुखणं गुडघ्यावरून पाठीच्या कण्यात जायला किती वेळ लागतो, तिथून माणूस जन्माचा खाटेला कसा खिळतो, हे तिच्याइतकं त्या बोगद्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि हेही तिला तेव्हाच कळलं, की आता मागे जायचं तर गेलेली मिनिटं परत मिळणार नव्हती. दाब वाढवायचा, पहिल्या टप्प्याच्याही वर न्यायचा, फिटरचं दुखणं थांबेपर्यंत थांबायचं आणि उतरणं पुन्हा सुरू करायचं. वाचवायला गेली नऊ मिनिटं, आणि भावाला द्यावी लागणार होती वरची चौदा.

तिनं व्हॉल्व्ह बंद केला. दुसरा उघडला. हवा फुत्कारत आत शिरायला लागली.

तो आवाज बारक्यानं ओळखला. "नको," तो म्हणाला. "ताई, नको. ताई!"

तिनं स्पीकर बंद केला नाही. बंद करता आला असता. कपाळ गार पोलादाला टेकवून ती काट्याकडे बघत राहिली आणि त्याचं 'नको' शेवटपर्यंत ऐकलं.

नंतरच्या तासाबद्दल तिला फारसं सांगता येत नाही. फिटरचा गुडघा सुटला. वेल्डर बारक्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला आणि त्याच्याशी कसल्याशा क्रिकेटच्या सामन्याबद्दल अखंड बडबडत राहिला. बारक्याची शुद्ध हरपली तरी तो थांबला नाही. डॉक्टर दर पाच मिनिटांनी अंगठा वर करत. एकदा त्यांनी केला नाही, बारक्याच्या छातीवर वाकले, आणि ताईनं त्या वेळात श्वासच घेतला नसावा. मग अंगठा वर आला. चौऱ्याण्णव्या मिनिटाला दार उघडलं. स्ट्रेचर, गाडी, लिफ्ट, वर उभी असलेली रुग्णवाहिका. तिला बरोबर घेतलं नाही. तिथे जागा डॉक्टरांना हवी होती.

मग ती नोंदवहीपाशी बसली. शिफ्टचे साहेब येऊन उभे राहिले. पुढची जागा भरून झाली होती, वरची गल्ली शाबूत होती. "ते मधलं," ते खाली बघत म्हणाले, "ते लिहायलाच पाहिजे असं नाही. फिटर काही बोलणार नाही."

तिनं लिहिलं: 'दुसऱ्या टप्प्यावर वेळेच्या नऊ मिनिटं आधी दाब कमी केला. माझ्याकडून.' आणि खाली सही केली. दुसऱ्या दिवशी चौकशी होईपर्यंत तिला लॉकवरून काढलं. तिला त्याचं काही वाटलं नाही.

बारक्या वाचला. पाय गुडघ्यापासून गेला. "धोंडा पडला तेव्हाच तो गेला होता," सर्जन म्हणाले. तिनं विचारलं, "आणि चौदा मिनिटं आधी आणला असता तर?" ते म्हणाले, "बाई, असे प्रश्न विचारू नका." नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी बारक्यानं तिला दवाखान्याच्या खोलीत बोलावलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"डॉक्टरांचा कान?"

"गेला. डावा. शब्दकोड्याला कान लागत नाही म्हणतात."

तो हसला नाही.

"धुकं झालं ना, तेव्हा मला वाटलं सुटलो," तो म्हणाला.

"ती माझी चूक होती. व्हॉल्व्ह उघडायलाच नको होता मी."

"ती नाही गं चूक वाटत मला." त्यानं मान वळवली. "ती नाही. नंतर परत हवा भरलीस, तेव्हाचं म्हणतोय. त्या वेळी तू माझी कुणी नव्हतीस."

ती पलंगापासून एक पाऊल मागे सरली.

"बरोबर केलंस. फिटर काल येऊन गेला, चालत आला, पोरगी होती बरोबर. मला सगळं कळतंय, ताई. पण कळून काय करू? तुझा चेहरा पाहिला की तो हवेचा आवाज येतो मला."

"मी जाऊ का?"

"आईला काय सांगितलंय?"

"पाय मोडलाय एवढंच. ती आज येतेय. आलीच असेल."

"मग तू सांग तिला. माझ्यानं नाही होणार."

आई व्हरांड्याच्या टोकाला बाकावर बसली होती. प्रवासाची पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. ताईनं शेजारी बसून सगळं सांगितलं. पायाचं सांगितलं. मग लॉकचं, टप्प्यांचं, डॉक्टरांचं, धुक्याचं. आईला बार-बीर काही कळत नव्हतं, पण तिनं सगळं ऐकून घेतलं.

"दार कुणाच्या हातात होतं?" शेवटी तिनं विचारलं.

"माझ्या."

"तो हाका मारत होता?"

"हो."

"ऐकू येत होत्या तुला?"

"सगळ्या."

आईनं डोळे मिटले. समोरून एक नर्स चाकाच्या टेबलावर औषधं ढकलत गेली, परत आली. ताईला वाटलं, आता ही उठेल आणि माझ्याकडे न बघता आत जाईल, आणि तसं झालं तर मी तिला काहीच म्हणू शकणार नाही.

आई उठली. पिशवी तिनं ताईच्या हातात दिली, तोल सावरायला भिंतीला हात लावला आणि दाराकडे पाहिलं.

"चल माझ्याबरोबर," ती म्हणाली. "मला एकटीला नाही बघवायचं ते."

"आई, त्याला मी नकोय आत."

"माहितीय," आई म्हणाली आणि तिचं मनगट धरून चालायला लागली.